पितळी गेर आणि दादाचा डावा हात

माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूला केस कमी हायत. लोक म्हणतात वय झालं. आता वय काय एकाच बाजूचं होतं का? खरं कारण असं की मी माझ्या थोरल्या भावाच्या ट्रकवर क्लिनर होतो. ड्रायव्हर उजवीकडं, क्लिनर डावीकडं आणि मधी गेरचा दांडा. दादाचा डावा हात एकतर गेरवर असायचा नायतर माझ्या टाळक्यात. घाटात डुलकी लागली, टपली. टायर न बघता ‘बघितले’ म्हणालो, टपली. दिवसभरात गेर जास्त हलायचा का माझं डोकं, देवाला ठाऊक.

मी स्वतः ड्रायव्हर का नाय झालो, असं कुणीतरी विचारतंच. दादानं एकदा दिलं होतं स्टेरिंग हातात. पोलादपूरच्या बाहेर मोकळा माळ बघून, जिथं आपटायला काय म्हणून काय नव्हतं. एक आंब्याचं झाड होतं लांब कोपऱ्यात. ते मी शोधून काढलं. शाळेचंही तेच. मास्तरांनी मला एकदाच शाबास म्हटलं, मी शाळा सोडतो असं सांगितलं तेव्हा.

तर असं आमचं चाललं होतं, आणि दादाला लकवा आला. डावी बाजू. पाय काठीच्या आधारानं चालायला लागला, पण हात मांडीवर पडून राहिला, कुणी सांभाळायला ठेवून गेल्यासारखा. महाडच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, “हात वापरलात तर बराचसा परत येईल. वापरला नाहीत तर आहे तसाच राहील. आणि हे काम आत्ताच्या महिन्यांतच व्हायला हवं.” दाबायला एक रबरी बॉल दिला. दादानं घरी येऊन तो बॉल उजव्या हातानं मला फेकून मारला. नेम चांगला होता.

“मी काय रांगतं पोर हाय काय, बॉल खेळायला?”

आमचं घर पोलादपूरच्या पुढं, हायवेला लागून. तिथनं गाड्या कशेडी घाटाकडं जातात. दादा दिवसभर ओटीवर बसून त्या ऐकायचा. “ह्यानं दुसरा गेर टाकायला उशीर केला,” म्हणायचा. “ह्याचा क्लच गेला.” आणि हात मांडीवर तसाच. वहिनी रोज तेल लावून चोळायची, तर हा तिकडं बघायचाच नाय, शेजाऱ्याच्या म्हशीला तेल लावतायत जसं काय.

टपल्या बंद झाल्या. मला वाटलं होतं, बरं वाटंल. पण टोपी हरवल्यासारखं व्हायचं. मुद्दाम चहा सांडून बघितला त्याच्यासमोर. नुसता बघत राहिला. वहिनीनंच शिव्या घातल्या.

महाडचा आमचा एक दोस्त होता. पूर्वी ह्याच लाईनीवर ट्रक चालवायचा, मग आखातात ट्रेलरवर गेला. सुट्टीला आला तो थेट दादाला भेटायला. काखेत मोठा खोका. उघडला तर आत ट्रक! रिमोटवर चालणारा, बॅटरीचा, मांजराएवढा, टायर मात्र हे एवढाले.

दादानं विचारलं, “काय रे हे?”

“ट्रक. पासिंग लागत नाय, टॅक्स नाय, पोलीस अडवत नाय.”

“पोरांना दे तुझ्या.”

“पोरांना चॉकलेटं आणलीत. हा तुला.”

दादानं तोंड फिरवलं. मी मात्र रिमोट घेतला. दोन दांड्या असतात त्याला. डाव्या अंगठ्यानं डावी दांडी पुढं केली की ट्रक पुढं, मागं केली की मागं. उजवी दांडी वळवायची. एवढं सोपं, की मी ट्रक सरळ वहिनीनं वाळत घातलेल्या पापडांवरनं नेला. तिथनं कोंबड्यांच्या मागं. तिथनं दगडी जोत्यावर.

“भावजी!” वहिनी आतनं ओरडली.

“अरे वळव! वळव रे गाढवा! मागं घे आधी… अरे मागं! आण तो इकडं!”

हे दादा. मी रिमोट त्याच्या मांडीवर ठेवला. उजवा अंगठा लगेच जागेवर गेला. डावा हात त्यानं उजव्या हातानं उचलून रिमोटवर आणून ठेवला आणि अंगठ्याकडं बघत बसला. बराच वेळ काय झालं नाय. कोंबड्या परत आल्या. मग ट्रक हलला. वीतभर गेला आणि थांबला.

वहिनी दारात सूप घेऊन उभी होती. तिनं सूप खाली ठेवलं, पापड झाले ते झाले म्हणाली आणि आत गेली. डोळे पुसायला गेली असंल, पण मला म्हणाली चुलीवर दूध हाय.

त्या दिवसापासनं दादा रोज सकाळी अंघोळ करून ड्युटीवर. आधी अंगणात सरळ. मग तुळशीला वळसा. मग म्हणाला, “सपाटीवर काय चालवायचं? घाट कर.” मी मातीची कशेडी बांधली अंगणात, वळणं-बिळणं घालून. कठड्याला दगड लावले. पहिल्याच दिवशी दरड कोसळली, ती पण माझ्याच पायावर. दुसऱ्यांदा दादानं बसल्या जागेवरनं सांगून बांधून घेतली, ती टिकली.

मग म्हणाला, “रिकामी गाडी हाणायला मी काय जीपवाला हाय? माल भर.”

वहिनीनं जुन्या कापडाच्या बारक्या गोणी शिवल्या, तांदूळ भरले, तोंडं सुतळीनं बांधली. खऱ्या गोणींसारख्या. मी त्या ट्रकवर रचल्या, चांगल्या उंच. क्लिनरचं काम एवढंच मला नीट येतं. दादानं अंगठा पुढं दाबला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्याला चढ लागला आणि ट्रकच्या पोटातनं आवाज आला, कर्रर्र. चाकं थांबली. मोटर आत नुसती फिरत होती.

दादानं रिमोट खाली ठेवला. “खेळणं ते खेळणंच,” म्हणाला. डावा हात उचलून परत मांडीवर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी अंघोळीलाही उठला नाय.

वहिनी मला मागच्या दारी घेऊन गेली. “भावजी, तुम्ही येवढी वर्षं गाडीवर काढली. एक बारकी गाडी नीट होत नाय काय तुमच्यानं?”

आता काय सांगणार? गाडीवर असताना मी पान्हा द्यायचो, पण तो नेमका मागितलेला कधीच नसायचा. तरी म्हटलं, “होतंय की! त्यात काय?”

खोलून बघितलं. पोटात तीन गेर, सगळे प्लास्टिकचे. एक मोटरच्या दांडीवर बारका, एक मधला, आणि एक मोठा एक्सलवर. मोठ्याचे दात अर्धे गेलेले. अर्ध्याच्या जागी म्हाताऱ्याच्या हिरड्या. लोखंडाचे नायतर पितळेचे घातले की काम झालं, असं मी ठरवलं. पण माप कसं सांगायचं? मला वाचता येतं ते फक्त एसटीच्या पाट्या, त्यातही रंगावरनं अंदाज. मग युक्ती सुचली. न्हाणीतनं वहिनीचा नवा साबण घेतला, ओला केला, आणि शाबूत दातांचा गेर त्याच्यावर दाबून फिरवला. दातांचा ठसा असा उमटला की सोनार खूश व्हावा. तो साबण रुमालात गुंडाळून एसटीनं महाडला गेलो. शेजारची बाई सारखी वास घेत होती. शेवटी म्हणाली, “अंघोळ करूनच आलाय वाटतं.” म्हटलं, नाय, अजून व्हायची हाय. ती पुढच्या शिटावर जाऊन बसली.

दोस्ताचा मेहुणा महाडला लेथ चालवायचा. त्यानं रुमाल उघडला.

“क्या भाई, गुसल करायला आलास काय वर्कशॉपमधी?”

मी सगळं सांगितलं. दादाला तोही ओळखायचा. हसणं थांबवून त्यानं एक डबा ओतला. जुन्या झेरॉक्स मशिनी, टायपिंगची यंत्रं, काय काय मोडून काढलेले बारके गेर. एक-एक उचलून साबणाच्या ठशात बसवून बघायला लागला. दात ठशात गपकन बसले की हा आपला. पितळेचे जमले. भोकं लेथवर मोठी करून दिली.

“मोटरला हा बारका लाव,” तो म्हणाला.

“मोठा दे,” मी म्हटलं. “घाट चढायचा हाय, माल भरून. बारक्याचं काम नाय ते.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, साबणाकडं बघितलं. “तुझी गाडी, तुझी मर्जी,” म्हणाला. पण पुडीत बारकाही टाकला. “राहू दे. खातोय काय तो?”

घरी येऊन तिन्ही गेर पितळेचे घातले. मोटरवर मोठा. वर ट्रकचं ग्रीस कोंबलं, मूठभर, चाकाच्या बेरिंगला भरतात तसं. दादाला हात धरून ओटीवर आणलं. “दाब,” म्हटलं. “आता ही गाडी थेट गोव्याला.”

दादानं दाबलं. आधी जागची हललीच नाय, ग्रीस होतं ना. मग एकदम सुटली ती अंगण ओलांडून मोरीत. बाहेर काढून पुसली, माल भरला, घाटाला लावली. पहिल्याच चढाला उभी राहिली आणि जळका वास आला. मी मोटरला हात लावून बघितला. मग भाजलेलं बोट तोंडात घालून अंगणभर फिरलो.

“दाखव काय केलंस ते,” दादा म्हणाला.

मी ट्रक त्याच्यासमोर उताणा ठेवला. त्यानं आत बघितलं, मग माझ्याकडं.

“घाटात मी कुठल्या गेरात जायचो रे?”

“पहिल्या. नायतर दुसऱ्या.”

“हळू का जोरात?”

“हळू.”

“मग तू टॉप टाकून कशेडी चढवतोस? क्राऊन-पिनियन कधी बघितलास का नाय? मोटरकडं बारका, चाकाकडं मोठा. मोटर लय फिरंल, चाक हळू फिरंल, पण वढंल. येवढी वर्षं झोपून काढलीस माझ्या शेजारी!”

“झोपू कुठं दिलंस?” मी म्हटलं.

पुडीतला बारका गेर मी गुपचूप पुढं केला. लावायला गेलो तर दादा म्हणाला, “तू हात लावू नको. ते ग्रीस पूस आधी.” मोटर दोन इस्क्रूवर मागं-पुढं सरकते. लय जवळ बसली तर गेर अडकतात, लांब बसली तर दात कापतात. दादानं बिडीच्या बंडलाचा कागद मागितला. इंजिनाचं टॅपेट लावताना फटीत पत्ती घालतात तसा तो कागद दोन गेरांच्या मधी घालायचा, मोटर दाबायची, इस्क्रू पिळायचे, मग कागद ओढून काढायचा. कागदाएवढी फट राहते. पण पिळायला एक हात पाहिजे आणि कागद धरायला एक. माझ्या बोटाला फोड आलेला. वहिनी पुढं झाली तर म्हणाला, “थांब गो.”

डावा हात त्यानं स्वतः आणला. ह्या खेपेला उजव्यानं उचलला नाय. हळूहळू मांडीवरनं घसटत आला, ट्रकवर चढला, आणि अंगठा नि बोट त्या कागदावर मिटलं. मिटलं म्हणजे नुसतं टेकलं. कागद सुटला. परत धरला. परत सुटला. मी तोंड उघडलं तर वहिनीनं चिमटा काढला. मग कधीतरी कागद राहिला आणि उजव्या हातानं त्यानं इस्क्रू पिळले. घाम फुटला होता त्याला, लोडाची गाडी खाली केल्यासारखा.

मधला गेर मात्र त्यानं जुनाच, प्लास्टिकचा, परत घालायला लावला.

“का?” मी विचारलं. “पितळेचा हाय की.”

“सगळंच पितळ घातलं आणि गाडी अडकली तर मोटर जळंल. एक मऊ पाहिजे. मोडायचं तर ते मोडू दे, बदलायला सोपं.” मग माझ्याकडं बघून म्हणाला, “प्रत्येक गाडीवर एक आसतो तसा.”

माल भरला. सगळ्या गोणी. दादानं अंगठा पुढं केला. ट्रक गुरगुरला आणि मुंगीच्या चालीनं निघाला. पहिलं वळण. दुसरं. तिथं मी डोळे मिटले. वहिनी म्हणाली, “भावजी, श्वास तरी घ्या.” उघडले तेव्हा ट्रक वर, माथ्यावर होता, गोणी जागच्या जागी, आणि दादानं अंगठा मागं घेऊन तो बरोबर कठड्याच्या आत उभा केला होता.

मी असा नाचलो, असा नाचलो, की पाय घाटाला लागला. कठडा गेला, कशेडी खचली, ट्रक गोणींसकट खाली. तांदूळ अंगणभर. कोंबड्या तयारच होत्या.

मी ट्रक उचलायला दादाच्या पायाशी वाकलो आणि डोक्यात टपली बसली.

हलकी होती. माशी बसली असती तर जास्त लागलं असतं. पण उजव्या बाजूला बसली. मी तसाच वाकून राहिलो.

“दादा, कुठल्या हातानं मारलीस?”

दादाचा डावा हात हवेतच होता अजून, आणि तो त्या हाताकडं बघत होता. वहिनी कोंबड्या हाकायची राहिली.

“परत मारा बघू,” ती म्हणाली.

मी डोकं पुढं केलं. परत मारली. ती जरा बरी बसली.

ट्रक काय दादानं पुन्हा चालवला नाय, खरा ट्रक. पण पुढच्या पावसाळ्याच्या आत चहाचा कप डाव्या हातानं धरायला लागला, लुंगीची गाठ स्वतः मारायला लागला. दोस्त पुढच्या सुट्टीला आला तेव्हा दादानं त्याच्याकडनं मधले मऊ गेर पुडीभर मागवून घेतले. ते मोडतात अधनंमधनं. मी बदलतो. दरवेळी कागद घालायचा विसरतो, आणि दरवेळी मला आठवण करून दिली जाते. केसांचं मी म्हटलंच हाय.