बारक्या आत्याचा गूळ

वडिलांची ती थोरली बहीण, पण आंदर मावळातल्या आमच्या घरात तिला सगळे बारकी आत्या म्हणत. उंची दहा वर्षांच्या पोराएवढी. घरातलं मूल किती वाढलं, हे तिच्या पाठीला पाठ लावून बघायचं. जो तिला ओलांडील त्याला ती गुळाचा खडा द्यायची. "तुमी वाढा रं, मी हाय तितंच हाय." मी ओलांडलं तेव्हा म्हणाली, "चला, शेवगा काढायला आता आकडी नको."

तिला मूल होईना म्हणून सासरच्यांनी कधीच आणून सोडलं होतं. पाळीच आली नव्हती. गावात डोहाळजेवण असलं की ती आपणहून घरी भात कांडत बसे. "माजी सावली कशाला?" मला ते पटत नसे. निदान तसं मी समजत होतो.

देहूरोडच्या डेपोत नोकरी लागली, लग्न झालं, लेक शालू झाली. ती चार वर्षांची असताना गावी गेलो, तर धावत जाऊन आत्याच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली. मी तिला खसकन ओढलं. "हिला नको, आत्या. खुंटायची ती." आत्या रागावली नाही. त्यानंतर शालू जवळ आली, की आत्या भिंतीला पाठ टेकून बसे.

पुढं आत्याला धाप लागू लागली, म्हणून पुण्याला नेलं. तिची उंची आणि रुंद मान पाहून डॉक्टरांनी रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. मग म्हणाले, "बायकांच्या पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात. यांच्यात जन्मापासून एकच आहे. म्हणून वाढ खुंटली, पाळी आली नाही. यात दोष कुणाचाच नाही."

आत्यानं स्वतःचं काही विचारलं नाही. "पोर शेजारी उभी ऱ्हायली, तर तिला न्हाई ना लागत?"

"छे हो मावशी!"



क्वार्टरवर आल्यावर मीच शालूला म्हणालो, "आत्याच्या पाठीला पाठ लाव बरं." शालू तोवर आत्यापेक्षा वीतभर उंच झाली होती. आत्यानं वळून वर पाहिलं.

"अगं बया, कवा ओलांडलंस मला?" मग माझ्याकडे बघून ओशाळून म्हणाली, "हिचा गूळ द्यायचा ऱ्हायला की रं माज्याकडनं."

मी फळीवरचा गुळाचा डबा काढून तिच्या हातात दिला. तेवढंच मला करता आलं.