पाट आणि नवरदेव

कर्जतच्या स्पर्धेत आमच्या टीमने चुकीचा जोडीदार निवडला, आणि ती निवड माझी होती. वाक्य एवढंसंच आहे. पण थंडीत घडलेली ही गोष्ट मी गणपती उठेपर्यंत कुणापाशी बोललो नाही, आणि तोवर तिचं ओझं एका नववीतल्या मुलीने वाहिलं.

मी रसायनीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. रविवारी खालापूरकडच्या एका शाळेत जातो. तिथली मुलं रोबोट बनवतात आणि मी त्यांना मदत करतो. शिक्षक नसूनही ती मला सर म्हणतात. घरी माझी मुलगी शिकायला लांब गेल्यापासून रविवार खायला उठायचा, तो या मुलांनी भरून काढला. त्यांचे उपकार आधी सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यांच्याशीच मी कसा वागलो त्याबद्दल आहे.

स्पर्धेची रीत अशी. मैदानावर चेंडू पसरलेले असतात, ते रोबोटने उचलून टोपल्यांत टाकायचे. दोन शाळा विरुद्ध दोन शाळा. सकाळच्या सामन्यांत सोबत कोण, हे चिठ्ठीवर ठरतं. दुपारी मात्र गुणांत वरच्या असलेल्या टीमना आपला जोडीदार स्वतः निवडता येतो, आणि त्याच जोडीने पुढचे बाद फेरीचे सामने खेळायचे. त्या निवडीला मुलं 'अलायन्स' म्हणतात. टीममधला एकच विद्यार्थी मैदानात जाऊन माइकवर नाव घेतो. मोठ्यांनी गॅलरीत गप्प बसायचं, असा नियम आहे.

निवड नीट व्हायची तर सकाळपासून कुणीतरी बाकीच्या सगळ्या रोबोटांवर नजर ठेवावी लागते. कोण कुठे अडखळतो, कोण शेवटपर्यंत टिकतो. हे स्काउटिंग. ते कुणाला नको असतं, कारण रिमोट हातात येत नाही आणि फोटोतही आपण नसतो. आमच्या टीममध्ये एक मुलगी उत्तम ड्रायव्हर होती. लोधिवलीची, वडिलांचा टेंपो. रिमोट तिलाच हवा होता. मी तिला समजावलं, "ड्रायव्हर आणखी मिळतील गं, तुझ्यासारखी बघणारी नाही मिळणार." आणि सगळ्यांसमोर टीमचा नियम केला: जो बघेल, त्याचा शब्द शेवटचा. त्या नियमावर विश्वास ठेवून तिने रिमोट सोडला.

स्पर्धेच्या दिवशी आमचा रोबोट तिच्या वडिलांनीच टेंपोतून फुकट नेला. खाली गाद्या घातल्या होत्या. "नवी नवरी पण एवढी जपून नेली नाय कधी," म्हणाले.

मुलांनी सकाळीच दोन रोबोटांना नावं पाडली. नेरळच्या एका मोठ्या वसाहतीतल्या शाळेचा रोबोट उंच आणि अंगभर दिवे लावलेला, तो 'नवरदेव'. डोंगराखालच्या वाडीवरच्या शाळेचा चपटा, बुटका, तो 'पाट'. "चाकं लावलेला पाट हाय रं, जेवायला बसा!" आमचा कॅप्टन ओरडला आणि सगळे हसले. ती हसली नाही. ती पाटाकडे बघत होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याकडे आली.

"सर, पाट घ्यायचा."

"तो चेंडू किती टाकतो? नवरदेव बघ, टोपली भरून टाकतो."

"टाकतो. पण उजवीकडून धक्का लागला की थांबतो. दोनदा थांबला. त्याचं काहीतरी सैल आहे त्या बाजूला. सकाळी कुणी त्याला धडकलंच नाही जास्त. बाद फेरीत सोडतील का? आणि पाट चेंडू आपल्याकडे ढकलतो, आपला रोबोट टाकेल. पाट बंद पडत नाही, सर. कुणी कितीही ठोका."

बरोबर बोलत होती. मला ते तिथेच पटलं होतं, हे आज लिहून ठेवतो.

पण त्याआधी बाहेरच्या टपरीवर मी चहा घेऊन आलो होतो. नवरदेवाच्या शाळेला मार्गदर्शन करणारे गृहस्थ म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीतले साहेब. मला हातात पाना धरायला शिकवणारे. ते म्हणाले, "आमची पोरं यंदा खाली राहिलीत गुणांत. तुम्ही वर आहात. आपलीच माणसं आपण नाही घ्यायची तर कुणी?" मी म्हणालो, "साहेब, हा काय प्रश्न झाला? घेतलंच समजा." आमच्याकडे असंच चालतं. लग्नातल्या मानापासून सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत सगळं चहावर ठरतं आणि मग पुढे नुसतं पार पाडायचं असतं. मुलांची स्पर्धा त्यातली नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

निवड सुरू व्हायच्या आधी मी कॅप्टनला पाण्याच्या फिल्टरपाशी गाठलं आणि नवरदेवाचं नाव घ्यायला सांगितलं.

"पण सर, ती तर पाट..."

"मी बोललोय तिच्याशी."

मी बोललो नव्हतो.

माइकवर नेरळच्या शाळेचं नाव आलं तेव्हा ती माझ्या पुढच्याच रांगेत बसली होती. मागे वळून तिने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल बघू लागलो.

पुढच्याच टीमने पाट घेतला, आणि पहिल्याच बाद फेरीत तो आमच्यासमोर उभा राहिला. सामना अर्धा होण्याआधी पाट नवरदेवाच्या उजव्या बाजूला येऊन भिडला. नवरदेव थांबला. दिवे चालू, चाकं बंद. आमचा रोबोट एकटा पडला आणि आम्ही हरलो.

सामान आवरताना पाटवाल्यांची कॅप्टन आमच्याकडे आली. परकर-पोलक्याच्या वयाची वाटावी एवढी लहानखुरी. आमच्या मुलीला म्हणाली, "ताई, तुमी सकाळधरनं आमच्याकडंच बघत व्हतात. आमाला वाटलं, तुमीच घ्याल."

"चुकलं माझं," ती म्हणाली.

मी वायरी गुंडाळत होतो. गुंडाळत राहिलो. पाटवाली मुलं तेवढ्यावर थांबली नाहीत, आमचा रोबोट टेंपोत चढवायला हात लावून गेली.

निघताना एकाने विचारलंच, "कुणी निवडला रं तो डबा?" दुसरा तिच्याकडे बघून म्हणाला, "आपल्या दुर्बिणीने." ती बसमध्ये बसली नाही, वडिलांबरोबर टेंपोत गेली. कॅप्टन खिडकीतून बाहेर बघत होता. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "निवड मुलंच करतात, बाई. आम्हाला तिथे बोलता येत नाही." शब्द न् शब्द खरा होता. आयुष्यात इतकं खरं बोलून इतकं खोटं मी कधी बोललो नाही.

त्यानंतर ती रविवारी यायची थांबली. पुढे दहावीचं वर्ष लागलं, तेही कारण झालं. मी ते कारण आनंदाने घेतलं.

गणपती उठल्यावर नव्या टीमची जुळणी सुरू केली. स्काउटिंग कोण करणार विचारलं तर सातवीतली एक मुलगी चटकन म्हणाली, "मी नाय हां सर. त्या ताईसारखं सगळं बघायचं, आणि शेवटी शिव्या खायच्या!"

कुणीच हात वर केला नाही. मी माझ्या हाताने तो नियम मोडला होता, आणि मुलांनी त्याचा अर्थ असा लावला होता. त्या संध्याकाळी मी लोधिवलीला गेलो.

तिचे वडील अंगणात टेंपो धूत होते. मी आधी त्यांनाच सगळं सांगितलं. त्यांनी पाण्याचा नळ बंद केला. मग म्हणाले, "सर, त्या दिशी येताना टेंपोत पोर एक शब्द बोलली नाय. कायतरी गिळलान तिनं, एवढं कळलं मला. चला, आत चला." मी रागाची तयारी करून गेलो होतो. तिच्या आईने माझ्यापुढे सांदणांची ताटली ठेवली.

ती पुस्तक मिटून समोर येऊन बसली. मी म्हणालो, "तुला माहीत नसेल, पण त्या दिवशी..."

"माहीत आहे, सर. कॅप्टनने त्याच वेळी सांगितलं मला. रडत होता तो."

"मग तू बोलली का नाहीस? सगळे तुला बोलत होते."

तिने जरा विचार केला. "मी तुमचं पण स्काउटिंग केलं होतं, सर. वाटलं, तुम्हाला त्या बाजूने धक्का लागला तर तुम्ही थांबाल. यायचंच बंद कराल. मग टीमच राहणार नाही."

आतून आई म्हणाली, "अगं, सरांना असं बोलतात का?"

"बरोबर बोलली," मी म्हणालो. आणि खरंच, त्या वेळी कुणी मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं असतं तर मी गेलो नसतो परत. तिने स्वतःचं नाव खराब होऊ देऊन माझे रविवार वाचवले होते. एवढं देणं मला कुणी दिलेलं नाही, आणि ते मी मागितलंही नव्हतं.

"आता येशील एका रविवारी? फक्त अर्धा तास. बाईंनाही बोलावतोय."

"अभ्यास आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "येईन."

ती आली, वडिलांच्या टेंपोतून. नवी मुलं, जुनी मुलं, बाई, सगळे होते. मी रात्रभर मनात जुळवलेलं लांबलचक बोलणं ऐनवेळी विसरलो. उरलं ते एवढंच:

"तो जोडीदार मी निवडला होता. हिने पाट सांगितला होता, आणि हिचंच बरोबर होतं. मी बाहेर एकाला शब्द देऊन बसलो होतो, तो पाळायला हिला दिलेला शब्द मोडला. कॅप्टनशी खोटं बोललो. बाई, तुमच्याशीही. तुम्ही सगळे हिला बोललात तेव्हा मी तिथेच होतो आणि गप्प राहिलो. कॅप्टन, तुझी माफी मागतो. आणि पोरी, तुझी सगळ्यात आधी मागायला हवी होती. चूक माझी होती. मला माफ कर."