सूट कोणाला, ड्युटी कोणाला

कर्जतला दस्त नोंदणीच्या ऑफिससमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, जे असेल ते टाइप करून देतो. कागद लोक घेऊन जातात, किस्से मात्र माझ्याकडेच साठतात. त्यांच्यावर अजून स्टॅम्प ड्युटी नाही, हे नशीबच!

*

खोपोलीच्या एकाने फ्लॅट बायकोच्या नावावर घेतला. बाईच्या नावाने घर घेतलं की ड्युटीत एक टक्का सवलत मिळते ना! सही झाल्यावर तो मला डोळा मारत म्हणाला, “नाव आपलं सवलतीपुरतं हं!”

बायकोने कागद पर्समध्ये टाकले. “सवलत तुमची, घर माझं. चला!”

*

साजगावच्या काकांना मुलाच्या नावे शेत करायचं होतं. मी म्हटलं, “बक्षीसपत्र करू. मुलाला दिलं तर ड्युटी नावापुरतीच लागते.”

काका एकदम दचकले. दारात उभ्या मुलाकडे बघत हळूच म्हणाले, “बक्षीस म्हनू नको रं! तीन टायमाला दहावी नापास हाय. चढंल त्याला!”

*

एकाला राहतं घर सख्ख्या भावाला द्यायचं होतं. नावापुरती ड्युटी मुलं-नातवंडांना, भाऊ त्यात बसत नाही, त्याला टक्क्यांनी लागते, हे ऐकून तो खूश झाला. “मंजे भावकी काय चीज हाय, ते सरकारला बी ठावं हाय!” आणि चहा न पिताच गेला.

*

कळंबची एक म्हातारी सुनेला घेऊन आली. मुलगा घर सोडून गेलेला, कधीमधी कुठून तरी फोन करतो, तेवढंच. सगळं सून बघते. म्हणून घर सुनेच्या नावे करायचं.

मी नियम सांगितला. मुलगा वारलेला असेल तर त्याच्या बायकोला सूट आहे. मुलगा हयात असेल तर सुनेला पूर्ण ड्युटी.

सून म्हणाली, “आई, ऱ्हाऊ द्या. ते पैसं छपराच्या पत्र्यांसाठी ठेवलेत.”

म्हातारी माझ्याकडेच बघत होती. “मंजे माजा पोरगा मेला असता, तं सूट गावली असती?”

“हो, आजी.”

तिने कनवटीची पिशवी सोडून टेबलावर ठेवली.

“पत्रं पुढच्या साली बघू. तू पुरी ड्युटी लाव रं!”