आपट्याची पानं आणि बनीची शीव

मी भूगोल शिकवते. अठरा वर्षं फरीदाबादच्या शाळेत मुलांना अरवली शिकवते आहे. जगातल्या अतिप्राचीन पर्वतरांगांपैकी एक, गुजरातेतून निघते, दिल्लीपर्यंत येते, शेवटचं टोक तिकडे हिंदूरावच्या टेकाडापलीकडे यमुनेशी संपतं, वगैरे. सगळं तोंडपाठ. आणि ही अरवली माझ्या घरापासून गाडीने जेमतेम पाऊण तासावर असून मी तिच्यात कधी पाय ठेवला नव्हता. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

तर जायचं ठरलं ते मेश्रामताईंमुळे. ताई आमच्याच सोसायटीत, चौथ्या मजल्यावर. मूळच्या भंडाऱ्याच्या, आणि उभी नोकरी दिल्लीच्या एका मंत्रालयात अधिसूचनांचे मसुदे तपासण्यात गेलेली. रिटायर झाल्या तरी वाणसामानाच्या यादीतसुद्धा स्वल्पविराम तपासतात. आमच्याकडे दूध घालायला डोंगरातल्या एका गावातून ताऊ येतात. ताऊ म्हणजे तिकडचे थोरले काका. सत्तरीचे, पांढरं धोतर, कमी बोलणारे. ताई सरकारात होत्या हे त्यांना कुठून तरी कळलं आणि एके सकाळी दुधाच्या कॅनबरोबर कागदांची पिशवीच घेऊन आले.

गोष्ट अशी होती. त्यांच्या गावामागे एक बनी आहे. बनी म्हणजे आपल्याकडच्या देवराईसारखं राखलेलं रान. कधीकाळी तिथे एक साधू राहायचा, त्याच्या नावाने गाव ते रान राखतं. पण महसुली कागदात त्याची नोंद ‘गैर मुमकिन पहाड’, म्हणजे पीक घेता येणार नाही असा डोंगर. जंगल नाही, नुसताच डोंगर. आता सरकारने संरक्षित क्षेत्राचा मसुदा नकाशा काढला होता आणि बनी त्यात नव्हती. हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. नकाशात नाव आलं नाही तर तिथे फार्महाऊसं उभी राहायला कुणाची ना नव्हती. आजूबाजूचा डोंगर तसा गेलेलाच होता.

ताईंनी जेवणाच्या टेबलावर बसून गावाची हरकत लिहून दिली. हिंदीत, अगदी सरकारी थाटात. त्यात एक वाक्य होतं, या वनातून एक काडीही बाहेर जात नाही. मग पत्र आलं की अमुक शनिवारी पथक पाहणीला येणार. ताई म्हणाल्या, चाळीस वर्षं लोकांच्या जमिनींवर कागद काढले, एक तरी जमीन बघू दे. त्यांना गाडी येत नाही. मला येते.

खरं सांगते, माझ्या मनात अशा कायद्यांबद्दल फार प्रेम नव्हतं. मी गुहागरकडची. आमच्या घराला लागून काकांना एक खोली काढायची होती, तर भरतीच्या रेषेपासून इतक्या अंतरात बांधकाम नाही म्हणून ती राहिली ती राहिलीच. सुंदर किनारा सगळ्या देशाचा, आणि पावसात गळणारी पडवी मात्र आमची, असं काका म्हणायचे. त्यामुळे रेषा मारणाऱ्या माणसांविषयी घरात कायम खदखद. मी निघाले ती निव्वळ सहलीला.

सकाळी सातला निघालो. जाणार असाल तर सातच्या पुढे जाऊ नका, पुढे ट्रक लागतात. फरीदाबाद-गुडगाव रस्ता उत्तम आहे, टोल लागतो. शहर संपतं आणि एकदम दोन्ही बाजूंना खडक, झुडपं, मोर. मी पार चक्रावलेच. जुन्या खाणींचे खड्डे पाण्याने भरून निळेशार दिसतात. फोटो लांबून काढा, पाण्यात उतरायच्या भानगडीत पडू नका, कडे सुटलेले आहेत आणि पाणी अतिशय खोल आहे. वळणावर एका ढाब्यावर मुळ्याचे पराठे आणि पांढरं लोणी खाल्लं. दोघींचं मिळून एका सिनेमाच्या तिकिटात झालं. ताईंनी मेनूकार्डातल्या चार चुका काढल्या.

गावाचं नाव मी लिहीत नाहीये, रुसू नका. ताऊंनी तशी विनंती केली आहे. नाव छापून आलं की रविवारी गाड्या येतात आणि गाड्यांमागून बाटल्या.

पथक दुपारी येणार होतं, म्हणून ताऊ आम्हाला आधी बनी दाखवायला घेऊन गेले. गावाबाहेर सगळी विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ. काटेच काटे. मग दोन उभे दगड आले आणि त्यांच्या पलीकडे पाऊल टाकलं तर हवाच बदलली. धौची, म्हणजे आपल्या धावड्याच्या जातीची झाडं, बारीक पानांची, फांद्या अशा खाली ओघळलेल्या. जमिनीवर पालापाचोळ्याची गादी. पक्षी किती! मी मुलांना फळ्यावर ‘काटेरी झुडपी वनस्पती’ लिहून देत आले, आणि खरी अरवली ही अशी होती. मला स्वतःचीच लाज वाटली आणि आनंदही इतका झाला की बोलायचं सुचेना. माझ्या बाबतीत हे विरळाच.

ताऊ आणि ताई पुढे गेले. मी फोटो काढत मागे राहिले. आणि तिथे, एका खडकाला टेकून, आपटा! अहो, खराखुरा आपटा. जोडपानं, जाड, खरखरीत. दसरा चार दिवसांवर. दिल्लीत आम्ही महाराष्ट्र मंडळात कांचनाराची पानं आणून ‘सोनं’ म्हणून वाटतो, एका वर्षी तर सोनेरी कागद कापला होता. अठरा वर्षांत आपटा पाहिला नव्हता. हात आपोआप गेला. पाच-सहा डहाळ्या मोडल्या, पिशवीत घातल्या, चेन लावली. मनात म्हटलं, यंदा मंडळात माझा भाव वधारणार.

परत येताना त्या दोन दगडांपाशी ताऊ थांबले. जोडे काढले, एकमेकांवर आपटले. धोतराचा सोगा झटकला. मग आम्हाला सांगितलं की इथे प्रत्येकाने झटकून जायचं. काडी, पान, चुकून अडकलेलं काहीही, बनीचं बनीत ठेवायचं. ताईंनी अगदी शिस्तीत ओढणी झटकली. मीही झटकली. बूटही झटकले. पिशवीची चेन मात्र उघडली नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. ताऊंसमोर चोर ठरायची हिंमत नव्हती, इतकंच.

दुपारी ताऊंच्या घरी बाजरीची भाकरी, चण्याच्या डाळीची भाजी, ताक. एरवी मी दोन भाकऱ्या सहज हाणल्या असत्या. त्या दिवशी घास फिरत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं असतं.

दोनला पथक आलं. प्रमुख एक तरुण अधिकारी, चेहऱ्यावर झोप आणि हातात फाईल. चौपालावर, म्हणजे गावच्या चावडीवर, खाटा टाकल्या होत्या, पन्नासेक माणसं जमली होती. विरुद्ध बाजूचे दोघंही हजर होते, कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट. डोंगरातले हिस्से विकत घेतलेल्यांच्या वतीने आलेले. त्यांचं म्हणणं असं, की हे साधं झुडपी रान आहे आणि काडी न उचलण्याची गोष्ट गावाने आता नकाशासाठी रचली आहे. अधिकाऱ्याने ताऊंना विचारलं, नियम आहे म्हणता, तर तो पाळला जातो याचा पुरावा काय? कुठे लिहिलंय? दंडाची एखादी पावती? ताऊ म्हणाले की आमची जबान आहे. अधिकारी वाईट माणूस नव्हता, पण तो म्हणाला की जबान फाईलला लावता येत नाही. ताईंचा चेहरा उतरला. त्यांच्या त्या वाक्याखाली खरोखरच एकही जोडपत्र नव्हतं. फाईल मिटायला लागली.

पावती होती ती माझ्या पिशवीत, पण नियम मोडल्याची.

मी उठले. आता बोलले तर गावाचं नुकसानच होणार हेही कळत होतं, एक काडी बाहेर जात नाही म्हणणाऱ्यांच्या पाहुणीनेच सहा डहाळ्या आणलेल्या. पण ताऊ खोटे ठरवले जात होते आणि खोटी मी होते. गप्प बसवेना. पिशवी उघडली, पानं खाटेवर ठेवली आणि सांगितलं की ही मी तोडली, शिवेवर लपवली, चूक माझी.

पांढऱ्या शर्टांपैकी एक हसला. “देख लीजिए साहब,” तो म्हणाला, “यही है इनका नियम.”

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. ताऊंनी अधिकाऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते खाटेवरून उतरून जमिनीवर बसले. त्यांच्यामागून सगळे जमिनीवर बसले, बायकाही पदर ओढून ओट्यावरून खाली आल्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. ताऊंनी मला समोर बसवलं. नाव विचारलं, गाव विचारलं, मी गुहागर सांगितलं. काय तोडलं, कशासाठी, ते विचारलं. मी दसऱ्याचं सांगितलं तेव्हा बायकांत थोडी कुजबुज झाली. मग शिक्षा. पानं त्याच झाडाखाली नेऊन ठेवायची. पाखरांच्या दगडी कुंडात हापशावरून पाणी आणून, कुंड भरेपर्यंत घालायचं. आणि यापुढे जिथे जिथे बनीची तारीफ करशील, तिथे ही चूकही सांगायची.

मी मान डोलावली. तेवढ्यात मागून एक मिशाळ गृहस्थ बोलले की मी लग्नाच्या मांडवासाठी एक बल्ली, म्हणजे वासा, तोडली होती, हळदीच्या अंगाने पाणी भरलं. सगळे हसले. एक म्हातारी म्हणाली की मी दातवणाची काडी आणली होती, सासूनेच उभं केलं. मग एकामागून एक. कुणी बकरीसाठी पाला, कुणी गलोलीचा दुबेळका. खुद्द ताऊंनी सरपंच असताना काठी तोडली होती, तर त्यांच्या धाकट्या भावाने त्यांना असंच जमिनीवर बसवलं होतं. चौपालावर शिक्षा न झालेलं घर सापडेना.

अधिकाऱ्याने केव्हा फाईल उघडली ते मला दिसलं नाही. पाहिलं तेव्हा तो लिहीत होता. प्रत्येकाचं नाव, कोणत्या साली, काय तोडलं. त्याची झोप पार उडाली होती. ताई त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “इसे परिशिष्ट बना लीजिए.”

कुंड बघून मला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम. कुठलं काय! वाटेला चढ, आणि माझा उजवा खांदा आधीच वर्षभर दुखत होता. गावातल्या बायका बरोबर चालल्या, पण हंड्याला हात लावला नाही, तो नियमात बसत नाही म्हणे. त्यांनी थट्टा मात्र भरपूर केली. उठाबशा काढताना मुलांना कसं वाटत असेल, ते आज मास्टरनीला कळलं, असं त्यांचं मत पडलं. पाचव्या खेपेला मी पण हसत सुटले. कुंड भरलं तेव्हा कोतवाल पक्ष्यांची जोडी येऊन काठावर बसली, माझ्याकडे ढुंकूनही न बघता पाणी प्यायली.

घरी आल्यावर नवऱ्याने खांद्याला मलम चोळत विचारलं, पर्यटनाचं पॅकेज कुठल्या कंपनीचं होतं. दसऱ्याला मंडळात उभी राहून मी सगळं सांगितलं. एकजण म्हणाली, अगं, पानंच तर होती. मी वाद घातला नाही. काकांची ती गळकी पडवी मात्र आठवली. तिथे रेषा कुणीतरी लांबून मारली होती आणि आम्हाला फक्त कळवली होती. इथे रेषा गावाचीच होती. सरकारकडे ते फक्त ती मान्य करा म्हणत होते. कायदा असा खालून वर गेला तर टिकत असावा, असं मला आता वाटतं. काका ऐकणार नाहीत, पण वाटतं.

हे लिहायला इतके महिने लावले, कारण निकाल येईपर्यंत लिहायचं नव्हतं. गेल्या आठवड्यात अंतिम नकाशा आला. बनी त्यात आहे, जवळजवळ अख्खी. रस्त्याकडचा एक पट्टा वगळलाय, त्यावर ताई पुन्हा कागद घेऊन बसल्यात. सोबत पाहणीचा अहवाल आहे, आणि त्याच्या परिशिष्टात गावकऱ्यांच्या नावांखाली शेवटची नोंद माझी: एका बाहरी महिलेने तोडलेली पाने परत केल्याचे व दंड भोगल्याचे पथकाने स्वतः पाहिले.

मी खुशीत होते. सरकारी कागदात का होईना, आले! परवा ताऊ दूध घालायला आले तेव्हा त्यांना अभिनंदन म्हटलं. त्यांनी कॅन खाली ठेवला आणि अगदी गंभीरपणे सांगितलं की काम अजून संपलेलं नाही, गावाने एक हरकत आणखी दाखल केली आहे, परिशिष्टावर. मी विचारलं, आता काय चुकलं?

त्यांनी धोतराच्या कनवटीतून घडी केलेली, पोचेचा शिक्का मारलेली अर्जाची प्रत काढून दिली. खाली अंगठे आणि सह्या, चाळीसेक. अर्ज एका ओळीचाच होता:

“जिसने बनी का कुंड भरा हो, उसे बाहरी लिखना ठीक नहीं। कृपया सुधार करें।”

ताईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, पेन उघडलं, आणि एकही दुरुस्ती न करता परत दिला. मी मात्र जिन्यातच बसून रडले.