काळेकाकू आणि बुडालेली काकी

काळेकाकूंना मी कुणाच्या घरात पाठ टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या यायच्या त्याच मुळी दाराबाहेरून बोलत. चपला काढायच्या, पण तोंड बाहेर करून, म्हणजे निघताना वेळ जायला नको. माझी बायको खुर्ची पुढे करायची, तर काकू तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्याच राहायच्या. "नको गं, एक बार बैठलं ना, की माणूस बैठतोच!" असं म्हणत अर्धा चहा उभ्याने घ्यायचा आणि उरलेला टीपॉयवर निवत ठेवून पळायचं. मी वीज मंडळात टेबलामागे बसून आयुष्य काढलेला माणूस. बसलेल्या जागेवरून उठायला मला कारण लागतं. तरी आमचं दोघांचं जमलं, आणि ते जमलं एका बुडालेल्या बाईमुळे.

काकू इथे उज्जैनलाच भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. यजमान आधीच गेले होते, आणि मुलगा समीर इंदूरला बँकेत होता. काळ्यांचं घराणं शिंदेशाहीतल्या कारकुनांचं, त्यामुळे कुळाचार सगळे जिथल्या तिथे. पितृपक्षात चतुर्दशीला, म्हणजे अपघाताने गेलेल्यांच्या तिथीला, त्यांच्याकडे राधाबाईंच्या नावाने पान वाढलं जाई. ही राधाबाई काकूंच्या आजेसासऱ्यांची काकी, तरुणपणीच विधवा झालेली. एका सकाळी ती रामघाटावर अंघोळीला गेली आणि परत आली नाही. पायरीवर तांब्या आणि कोरडं लुगडं सापडलं. घरच्यांनी ओळखायचं ते ओळखलं. तेव्हापासून तिला घरात सगळे 'बुडालेली काकी' म्हणत.

लग्न होऊन आलेल्या काकूंना ही गोष्ट सासूबाईंनी सांगितली, आणि सांगता सांगता एक बारकावा सांगून गेल्या. त्या दिवशी पहाटे काकीने दशम्या केल्या होत्या. लोक शोधून दमून परत आले तेव्हा डबा उघडला, तर त्यात एकही नव्हती. सासूबाईंना वाटे, मुलांनी खाल्ल्या असतील. काकूंना मात्र ते कधीच पटलं नाही. "अरे सुधीर, मला सांग, बुडायला निघालेली बाई दशम्या कशाला करेल? दशमी हा रस्त्याचा खाना आहे!"

ही शंका त्यांनी संसार होईपर्यंत मनात ठेवली. मग एकदा रामघाटावर त्यांना फिजीहून आलेली एक बाई भेटली. तिचं हिंदी आपल्या हिंदीसारखं आणि तरी निराळं. ती खापरपणजोबांचं गाव शोधत होती, आणि तिच्या मोबाइलवर त्यांच्या जहाजाच्या परवान्याचा फोटो होता. काकूंनी तिला रिक्षात घालून अख्खा दिवस उज्जैनभर फिरवलं. गाव काही सापडलं नाही, पण संध्याकाळपर्यंत काकूंना एक गोष्ट कळली होती. त्या काळी मजूर भरती करणारे दलाल तीर्थाच्या गावांत फिरत, एकट्यादुकट्या बायांना हेरत, आणि कामाचं आमिष दाखवून कलकत्त्याला नेत. तिथून फिजीसारख्या बेटांवरच्या उसाच्या मळ्यांकडे जहाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आमच्या दारात. "सुधीर, तुला पुराना इंग्रजी अक्षर वाचता येतं ना? चल, ऊठ."

तिथून आमचे रविवार गेले. जुने परवाने आता संगणकावर बघायला मिळतात. एका माणसाला एक कागद: नाव, बापाचं नाव, वय, गाव, जात, अंगावरची खूण, जवळचा नातेवाईक. कारकुनांचं अक्षर असं, की आमच्या मंडळातले तक्रार अर्ज त्यापुढे छापील वाटावेत. आमच्या घरी मी वाचायचो आणि काकू मागे येरझाऱ्या घालायच्या. मधल्या वारी त्या स्वतः छापून घेतलेल्या प्रती भिंगाने बघायच्या, आणि मला पहाटे फोन यायचा. "उठलास का? एक राधा सापडली!" मी चूळ भरेपर्यंत दुसरा फोन. "जाऊ दे. ती बिहारची निघाली." राधा पुष्कळ सापडल्या. बस्तीची राधा, आऱ्याची राधा, गाझीपूरची राधा. उज्जैनची एकही नाही.

समीर वैतागायचा. एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "आई, कशाला मगजमारी करतेस? सापडली तरी काय करणार? आता ती कुठे जिवंत आहे?"

काकू येरझाऱ्या थांबवून त्याच्याकडे वळल्या. "घरातली एक बाई गेली. चार लोकांनी नदीकाठी तांब्या पाहिला, ती मेली असं ठरवलं, आणि घरी येऊन जेवायला बसले. कुणी स्टेशनवर जाऊन बघितलंसुद्धा नाही रे. एकाने तरी तिला शोधायला नको?"  समीरला पटलं नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग एक वेगळंच झालं. काकूंच्या पेन्शनचं काहीतरी अडलं, म्हणून मी त्यांच्याबरोबर पेन्शन ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलीने आधार कार्ड पाहिलं, दहावीची मार्कशीट पाहिली आणि म्हणाली, "आंटीजी, ये तो मृणालिनी काळे हैं। तो ये दुर्गा विनायक कौन है?"

"मैं ही हूँ, बेटा. लग्नात नाव बदलतात ना आमच्यात," काकू म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या. काउंटरवरचे कागद तसेच सोडून त्या मला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या. "सुधीर! किती बेअक्कल आहोत आपण! राधा हे तर काळ्यांनी ठेवलेलं नाव. जी बाई काळ्यांचं घर सोडून चालली, ती काळ्यांचं नाव कशाला सांगेल?"

मला ओशाळल्यासारखं झालं. माझ्या घरात बायकोचं नाव बदललेलं, आईचं बदललेलं, आणि इतके रविवार हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काकूंच्याही आलं नव्हतं, याचाच त्यांना जास्त राग होता. त्या तशाच देवास गेटच्या बसस्टँडवर गेल्या आणि बसमध्ये चढल्या. राधाबाईंचं माहेर देवासचं, एवढं सासूबाईंकडून ठाऊक होतं. पेन्शनचे कागद मी परत जाऊन गोळा केले.

देवासला त्या माहेरच्या वंशातली एक म्हातारी भेटली. तिला राधाबाई माहीत नव्हती. "पण आमच्याकडची चिमा होती ना, उज्जैनला दिलेली. नदीत गेली म्हणतात. हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले होते तिच्या. माझी आजी सांगायची, चिमा फार भांडकुदळ." परत आल्यावर मला हे सांगताना काकूंचा चेहरा असा फुलला होता, की भांडकुदळ ही जणू पदवीच.

पुढच्या रविवारी चिमा सापडली. बापाचं नाव माहेरचं. गाव उज्जैन. खूण, हनुवटीवर तीन ठिपके. जवळचा नातेवाईक, 'कोणी नाही'. हे शेवटचे शब्द मी पुन्हा एकदा वाचले. तिच्या नावाने पान वाढणारं अख्खं घर इकडे होतं, आणि तिने लिहवलं होतं, कोणी नाही.

"बरोबर लिहवलं तिने," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, आता तरी बसतील. पण छे! "हे तर चढली ते कळलं. उतरली का? रास्ते में कितने लोग मरत होते, वाचलं नाहीस तू?" पुन्हा येरझाऱ्या. पलीकडे फिजीला उतरलेल्यांची यादी निराळी असते. ती मिळवायला, वाचायला आणखी काही रविवार गेले, आणि त्या काळात काकू जेवत तरी होत्या की नाही देव जाणे. शेवटी एका दुपारी ती ओळ मला दिसली. चिमा उतरली होती. धडधाकट, असा शेरा होता.

मी तो दोनदा वाचून दाखवला. काकूंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. पाठ टेकली, डोळे मिटले. बायकोने चहा आणला तो पूर्ण प्यायल्या, शेवटच्या घोटापर्यंत. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो.

त्या वर्षी पितृपक्षात त्या समीरला आणि मला घेऊन रामघाटावर गेल्या. पंडितजींनी ठरल्याप्रमाणे राधाबाई म्हणायला सुरुवात केली, तर काकूंनी अडवलं. "चिमा बोलिए. इतने साल पानी गलत पते पे गया है."

"माताजी, पर गोत्र? ब्याही हुई स्त्री का तो ससुराल का ही लगेगा," पंडितजी म्हणाले.

"जहाज पर बाप का नाम लिखवाया उसने. तो बाप का लगाइए."

पंडितजी समीरकडे पाहू लागले. समीर नदीकडे पाहू लागला. पण पाणी शेवटी चिमाच्याच नावाने सुटलं, बापाच्या गोत्राने.

यंदाच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. बाजारातून आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली, आणि तिथेच कोसळल्या. त्यांच्यासारखीला अंथरुणात पडून राहणं जमलंच नसतं, असं सगळे म्हणाले. मला त्यात काही समाधान वाटलं नाही. रविवारी पहाटे अजून फोनकडे हात जातो.

दहाव्याला रामघाटावर पंडितजी तेच होते. समीर ओल्या धोतरात बसला होता. पंडितजींनी नाव विचारलं.

"मृणालिनी," समीर म्हणाला. मग हातातले तीळ मुठीत घट्ट धरून थांबला. "नहीं, रुकिए. दुर्गा. दुर्गा भी बोलिए."

पंडितजींनी मान वर केली. त्यांनाही काकू आठवल्या असाव्यात. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "और गोत्र, भैया?"

 समीरने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"दोनों बोल दीजिए, पंडितजी. वो एक जगह कभी बैठी ही नहीं," तो म्हणाला.

एकदा बसल्या होत्या, आमच्या खुर्चीत. पण ते मी त्याला त्या वेळी सांगितलं नाही.