हाकेचं नाव

टिटवी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी ती एवढ्या मोठ्यानं बोलायची की आई म्हणायची, ही टिटवी एक दिवस सगळी गल्ली उठवील. मोठेपणी मात्र तिनं बोलणंच टाकल्यासारखं केलं. घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासायच्या, सगळा व्यवहार लेखी, मग तोंड उघडायचं कशाला? उरलेला वेळ ती एका फुकट सॉफ्टवेअरच्या राखणीत घालवी. कुणाच्याच मालकीचं नसलेलं, जगभरच्या लोकांनी हौसेनं चालवलेलं ते काम. म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं.

ते सुरू केलं होतं तिच्या धाकट्या भावानं. आई गेली त्या वर्षी त्यानं कॉम्प्युटरमधल्या हरवलेल्या फायली शोधणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. नाव काय द्यायचं? घरात हरवलेली वस्तू आईलाच सापडायची आणि आईला सगळे जिजी म्हणत. त्यानं तेच दिलं. ‘जिजी’ टाइप केलं की फाइल हजर. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा दोघं भावंडं हसली आणि मग दोघांनाही रडू आलं.

पुढे लोक येत गेले, नवी अवजारं, म्हणजे असेच छोटे प्रोग्रॅम, जोडत गेले आणि रीतच पडली. प्रत्येक अवजाराला गेलेल्या माणसाचं घरातलं नाव. कुणाचे आजोबा, कुणाची नणंद, एकाचं तर मांजर. हजारो अनोळखी लोक दिवसभर त्या नावांना हाका मारतात आणि ती नावं ओ देतात. विचार करत बसलं तर अंगावर काटा येईल, म्हणून कुणी करत नाही.

नाव सुचवताना एक ओळ लिहायची असे: या नावानं हाक कोण मारायचं. एकदा एका टवाळानं आपल्या धडधाकट काकाचंच नाव पाठवलं. काकानं रागारागानं लिहिलं, “मी जिवंत आहे!”

तेव्हा भाऊ म्हणाला होता, “लिहायला काय, मेलेलाही लिहील! लिहिण्यावर कसा विश्वास ठेवायचा, ताई?”

त्यावरून नियम झाला. आक्षेप दुसऱ्यानं घ्यायचा, तोही त्या माणसाचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला असेल तरच. स्वतःची ग्वाही चालायची नाही. संध्याकाळपर्यंत आक्षेप आला नाही तर नाव कायमचं लागायचं.

मग एका सकाळी भाऊ पाठीला सॅक लावून कामाला म्हणून गेला, तो गेलाच. शोधून शोधून पोलीस थकले. नातेवाईक म्हणाले, मनाची तयारी कर. तिनं केली नाही. त्याची खोली ती रोज झाडायची, पण त्याचं नाव कधी तोंडातून काढायची नाही. हाक मारली आणि ओ आली नाही तर? त्यापेक्षा न मारलेली बरी.

एका दुपारी नवं नाव आलं: खुडबुड्या.

घरातलं एक घड्याळ धड न ठेवणाऱ्या भावाचं हे नाव आई आणि ती, एवढ्या दोघीच घ्यायच्या. पाठवणारा अनोळखी होता, त्याचं खातं नवं कोरं. खाली ओळ होती, “हाक मारायची ताई. आता मारत नाही.”

“कोण आहेस तू?” तिनं लिहिलं आणि पडद्याकडे बघत बसली.

ऊन कलायला लागलं. गप्प बसली असती तर भाऊ मेला हे तिनंच जगाला सांगितल्यासारखं झालं असतं. तिनं चक्क खोटं लिहिलं, “आक्षेप. माणूस जिवंत आहे. आवाज ऐकला आहे.”

नाव बाद झालं. त्या कामात सगळ्यात जुने होते ते मास्तर, दूर देशातले निवृत्त शिक्षक. त्यांनी विचारलं, “खरंच ऐकलास का गं?” तिनं कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी त्याच अनोळखी खात्यावरून आणखी एक नाव आलं: टिटवी. आईमागे या नावानं तिला फक्त भाऊच चिडवायचा. खाली लिहिलं होतं, “हाक मारायचो मी. ओ येत नाही.”

तिनं मास्तरांना लिहिलं, “हे माझं नाव आहे. मी जिवंत आहे. आक्षेप घ्या ना!”

“मला ठाऊक आहे गं,” मास्तरांचं उत्तर आलं. “पण इतक्या वर्षांत तुझा आवाज मी कधी ऐकलाच नाही. फोन कर. दोन शब्द बोल, लगेच लिहितो.”

तिनं फोन उचलला. शेवटचं आपण कुणाशी बोललो? दुकानदाराला ती चिठ्ठी द्यायची, शेजारणीकडे पाहून नुसती हसायची. काही केल्या आठवेना. आपल्याला आवाज आहे तरी का, अशी शंका येऊन ती मनातून पार हादरली. आणि मग तिनं फोन खाली ठेवला. मास्तरांना ऐकवून काय उपयोग? ओ मागणारा दुसराच होता.

ती भावाच्या खोलीत गेली. खाटेवरची चादर काल तिनंच ताणून घातली होती. दाराची चौकट धरून ती ओरडली, “खुडबुड्या! अरे, मी इथंच आहे रे! कुठे आहेस?”

आवाज फाटका निघाला, पण असा निघाला की समोरच्या घराची खिडकी उघडली. खोलीतून ओ आली नाही. ज्याला इतकी वर्षं भ्यायली तेच झालं, आणि ती चौकटीला टेकून पोटभर रडली.

डोळे पुसून ती परत कॉम्प्युटरसमोर बसली, तर टिटवी हे नाव बाद झालेलं. अनोळखी खात्यावरून ओळ आली होती, “नाव मागे घेतो. माणूस जिवंत आहे. आवाज आत्ताच ऐकला.”

खाली मास्तरांनी विचारलं होतं, “कुणाशी बोललीस गं?”

“भावाशी,” तिनं लिहिलं.

तो कुठे आहे, हे मास्तरांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं.