जवाची तहान

मंडळी, घरी बिअर करण्याचा उत्साह आज दुपारीच संपला. मोड आणून वाळवलेले जव भरडले आणि घरातलं होतं नव्हतं ते, घडवंचीवरच्या पितळी भांड्यांतलं पाच गुंड पाणी तापवून त्यात भिजवले. पाच घातले म्हणजे पाच निघतील, हा माझा हिशेब.

गाळले तर तीनच निघाले. उकळून आटायचं अजून बाकीच.

रिकामी घडवंची पाहून बायको म्हणाली, "काहून जी, भाताचे तांदूळ पाणी पेतात, हे रोज पाहता नं? मंग जवाले काय उपास होता?"

नळ उद्या येणार. प्यायला थेंब नाही. शेवटी गुंड घेऊन मीच शेजारी गेलो.

"पाहुणे आले काय जी?" वहिनींनी विचारलं.

"आले," म्हटलं, "फार पितात."

तुमच्याकडचे जव किती पितात हो?